ड्यू बॉइस यांचा हिशेब

शिक्षणाचे नाव आम्ही चळवळीत रोज घेतो. पण शिकलेला माणूस कुठून आला, कुठे शिकला आणि शिकून कुठे गेला, हा हिशेब आम्ही क्वचितच मांडतो. अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय विद्वानाने तो शंभरहून अधिक वर्षांपूर्वी मांडला. त्यांचे नाव डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस.

२३ फेब्रुवारी १८६८ रोजी उत्तरेकडील मॅसॅच्युसेट्स राज्यात ग्रेट बॅरिंग्टन येथे त्यांचा जन्म झाला. गावात काळ्यांची घरे मोजकीच. १८८५ साली ते दक्षिणेत नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात गेले. सुट्टीत टेनेसीच्या खेड्यांत मुलांना शिकविले. १८८८ मध्ये पदवी घेऊन हार्वर्डला पोहोचले, तर तिथे पुन्हा पदवीच्याच वर्गात बसावे लागले. काळ्यांच्या महाविद्यालयाची पदवी गोऱ्यांच्या दारात पूर्ण धरली जात नव्हती! १८९५ साली त्याच हार्वर्डची पीएच.डी. मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले.

ओहायोतील विल्बरफोर्स येथे शिकवून १८९७ मध्ये ते अटलांटा विद्यापीठात आले. तेथून १९०० साली त्यांनी काळ्या पदवीधरांची पाहणी केली. उत्तरेत काळ्यांची महाविद्यालये थोडी: पेनसिल्व्हेनियात लिंकन (१८५४), ओहायोत विल्बरफोर्स (१८५६). १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यावर बाकीची बहुतेक दक्षिणेत उभी राहिली. कारण उघड होते. काळी जनता दक्षिणेत होती आणि तेथील गोऱ्यांच्या महाविद्यालयांचे दरवाजे तिला बंद होते.

एकूण पदवीधर भरले सुमारे २,५००. त्यांतले जेमतेम ४०० हार्वर्ड, येल, ओबर्लिनसारख्या गोऱ्यांच्या संस्थांतले. उरलेले सारे काळ्यांच्या महाविद्यालयांनी घडविले. उत्तरे पाठविणाऱ्यांपैकी ५३ टक्के शिक्षक होते. दक्षिणेत जन्मलेले बहुतेक जण आपल्याच लोकांत राहिले. उत्तरेत जन्मलेल्यांपैकीही सुमारे निम्मे दक्षिणेत कामाला गेले.

तेव्हा टस्कीगीचे बुकर टी. वॉशिंग्टन कारागिरीच्या शिक्षणावर भर देत होते. ड्यू बॉइस यांचा सवाल साधा होता. कारागिराला शिकविणारा शिक्षक कुठून येणार? खुद्द टस्कीगीत शिकविणारे कित्येक जण फिस्क आणि अटलांटाचे पदवीधर होते.

१९१० मध्ये विद्यापीठ सोडून ते चळवळीत उतरले आणि ‘क्रायसिस’ मासिक चालविले. १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिले. काळ्यांचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांपुढे नेणाऱ्या अर्जाची प्रत हवी होती. ड्यू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले. त्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. १९५० मध्ये बाबासाहेब औरंगाबादला गेले आणि मराठवाड्यातील मुलांसाठी महाविद्यालय काढले. जिथे आपला समाज, तिथे आपले महाविद्यालय, हे दोघांनाही उमगले होते.

२७ ऑगस्ट १९६३ रोजी घानातील अक्रा येथे ड्यू बॉइस यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये लाखोंचा मोर्चा निघाला.

आता आमचा हिशेब. १९५६ साली आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जी खंत व्यक्त केली, ती आम्ही दरवर्षी सभांतून सांगतो. पण आमच्या वस्तीतले किती पदवीधर वस्तीकडे परतले, याची वही कुणी ठेवली आहे काय? ती वही उघडणे हेच ड्यू बॉइस यांना अभिवादन ठरेल.