आठ माणसं, आठ कामं

शिवाजी महाराज म्हटलं की डोळ्यांसमोर अफझलखान येतो, पावनखिंड येते. मला मात्र ते आठवले सर्व्हर फार्मचा चॅप्टर वाचताना. हसू नका, सांगतो.

शेअरपॉइंट २०१६ पासून फार्ममधल्या प्रत्येक सर्व्हरला ठरावीक रोल देता येतो. एकाने पानं दाखवायची, एकाने सर्च सांभाळायचा, एकाने कॅश. रोलबाहेरची सर्व्हिस चालू केली की सिस्टीम तक्रार करते. साखर कारखान्यात गव्हाणीवरचा माणूस पॅनवर जात नाही, हे पुरुषोत्तमनगरच्या मुलांना वेगळं सांगायला नको. सगळं एकाच मशीनवर टाकलं तरी काम चालतं, पण ते मशीन बसलं की सगळंच बसतं.

महाराजांचं राज्यही असंच एकट्यावर उभं राहिलं असतं. १६३० साली शिवनेरीवर जन्म, पुण्याच्या जहागिरीत वाढले, विशीच्या आतच किल्ले घ्यायला लागले. इतका हुशार माणूस सगळं स्वतःच करायला गेला असता तर नवल नव्हतं.

खरी परीक्षा झाली १६६६ साली. आदल्या वर्षी पुरंदरच्या तहात २३ किल्ले गेलेले, आणि आता स्वतः महाराज लहानग्या संभाजीराजांसह आग्र्यात अडकलेले. म्हणजे मेन सर्व्हरच बंद! इकडे जिजाऊसाहेबांच्या देखरेखीखाली मोरोपंत पिंगळे, निळो सोनदेव वगैरे मंडळींनी कारभार चालू ठेवला. १७ ऑगस्टला महाराज निसटले. परत आले तेव्हा राज्य जागेवर होतं. पेटाऱ्यांची गोष्ट सगळे सांगतात. मला तर हीच जास्त भारी वाटते.

६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि अष्टप्रधान मंडळाला पक्कं रूप आलं. सगळ्यांवर देखरेख पेशव्यांची म्हणजे मोरोपंतांची. जमाखर्च अमात्यांकडे, पत्रव्यवहार तपासणं सचिव अण्णाजी दत्तोंकडे, महाराजांची रोजनिशी मंत्र्यांकडे, परराज्यांशी बोलणी सुमंतांकडे. फौज सेनापतींची, न्याय न्यायाधीशांचा, धर्माचं खातं पंडितरावांचं. शेवटचे दोघे सोडले तर बाकीच्यांना मोहिमेवरही जावं लागे. म्हणजे रोल काही शंभर टक्के वेगळे नव्हते. पण प्रधान मोहिमेवर गेला की मागे त्याचा मुतालिक काम बघायचा, टेबल रिकामं राहायचं नाही. पगार रोख, जहागीर नाही. पद माणसाला, त्याच्या घराण्याला नाही.

याचा पुरावा राज्याभिषेकाच्या थोडंच आधी मिळाला होता. फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीला सरनौबत प्रतापराव गुजर पडले. फौजेला केवढा धक्का! तरी महाराजांनी ती जागा हंबीरराव मोहित्यांना दिली, आणि जूनमध्ये सेनापती म्हणून हंबीरराव हजर होते.

३ एप्रिल १६८० ला महाराज गेले. मग मात्र भांडणं लागली. अण्णाजी दत्तो राजारामांच्या बाजूने गेले. राजाराम हंबीररावांचा सख्खा भाचा, तरी ते संभाजीराजांच्या मागे उभे राहिले आणि १६८७ साली वाईच्या लढाईत कामी आले. पुढे शाहू महाराजांच्या काळात ही पदं बापाकडून मुलाकडे जायला लागली. १७१३ साली बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले, १७२० साली त्यांचे चिरंजीव बाजीराव. बाजीराव होतेच तसे कर्तबगार, म्हणून तेव्हा कुणाला फारसं खटकलं नसावं.