सापाच्या हृदयाचा शोध घेणारे डॉ. सेन

डिसेंबर १९६७ म्हटले की कराड-पाटणच्या माणसाला कोयनेचा भूकंपच आठवतो. तो झाला ११ डिसेंबरच्या पहाटे. त्याच्या आठच दिवस आधी दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवले होते. इथल्या पडझडीत त्या बातमीकडे बघायला सवड कुणाला! पण मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांची त्याच शस्त्रक्रियेची तयारी आधीपासून चालू होती.

सेन जन्माने बंगाली (१९१५), पण कारकीर्द के.ई.एम.मध्येच घडली. परळ म्हणजे गिरणगाव. सातारा-सांगलीकडची कितीतरी माणसे तिथे गिरणीत राबली. गावाकडचा पेशंट आधी पाव्हण्याच्या खोलीवर उतरायचा आणि मग के.ई.एम.च्या रांगेत उभा राहायचा.

त्या रांगेत एक दुखणे नेहमीचे. लहानपणी घसा धरतो, ताप येतो, सांधे सुजतात. घरचे लोक काढा देतात आणि विसरतात. पुढे ऐन विशी-पंचविशीत चार पावले चालले तरी धाप लागते. हृदयाची झडप आवळलेली असते. गरिबाघरचे, दाटीवाटीने राहणाऱ्यांचे हे दुखणे. हृदय थांबवून उघडण्याची यंत्रे रुळण्याआधी सर्जन चालत्या हृदयात बोट घालून ती झडप मोकळी करीत. पन्नाशीच्या दशकात आपल्या देशात ज्यांनी हे काम सुरू केले, त्यांत सेन आघाडीवर होते.

संशोधनाची त्यांची रीत मात्र वेगळीच. आपण साप दिसला की काठी शोधतो. सेन यांना सापाच्या हृदयात उत्तर दिसले. माणसाच्या हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवतात बाहेरून येणाऱ्या नळ्या. त्या तुंबल्या की झटका येतो. सापाच्या हृदयाची भिंत मात्र स्पंजासारखी, आतले रक्त तिच्यात थेट झिरपते. मग माणसाच्या हृदयाला सुईने बारीक भोके पाडली तर? डॉ. उडवाडिया, डॉ. किणारे, डॉ. परुळकर या सहकाऱ्यांसह त्यांनी १९६५ साली हा विचार जगापुढे मांडला. सुईची भोके पुढे बुजतात हे खरे. पण नंतर परदेशात तोच धागा धरून लेसरने भोके पाडण्याचे प्रयोग झाले. महाधमनी आणि तिच्या फाट्यांना सूज येऊन त्या चोंदतात, त्या रोगावरचा त्यांचा अभ्यासही मोठा आहे.

फेब्रुवारी १९६८ मध्ये सेन यांनी हृदय बदलले. जगातली ही सहावी शस्त्रक्रिया, आशियातली पहिली. पेशंट होता सत्तावीस वर्षांचा शेतमजूर, हृदयाचा स्नायूच निकामी झालेला. हृदय मिळाले ते अपघातात गेलेल्या एका तरुणीचे. नवे हृदय चालू झाले, पण जेमतेम तीन तास. जुन्या आजाराने फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा विरोध इतका वाढलेला की नव्या हृदयाला तो भार पेलेना. सप्टेंबरमध्ये दुसरा प्रयत्न झाला, तो पेशंट चौदा तास जगला.

गरिबावर प्रयोग केला, असे कुणाला वाटेल. मला ते पटत नाही. या पथकाने आधी वर्षानुवर्षे कुत्र्यांवर हात बसवला होता आणि त्या मजुरापुढे दुसरा इलाज उरला नव्हता. शिवाय अपयश काही एकट्या परळचे नव्हे. १९६८ या एका वर्षात जगभर शंभराच्या आसपास हृदये बदलली गेली, बहुतेक पेशंट फार जगले नाहीत, आणि एकेका देशाने हे काम थांबवले. शरीर परके हृदय नाकारते, त्यावरचे चांगले औषध हाती आले ते ऐंशीच्या दशकात.

आपल्याकडे कायद्याचीही अडचण होती. मेंदू मेला म्हणजे माणूस मेला, हे कायदा मानत नव्हता. १९९४ साली संसदेने तसा कायदा केला आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांनी भारतातले पहिले यशस्वी हृदयरोपण केले. १९६९ साली पद्मभूषण मिळालेले सेन तोवर हयात नव्हते. ते १९८२ सालीच गेले.