चित्रपटांचा राखणदार : आंरी लांग्ल्वा

जगांत बहुतेक थोर माणसें कांहीं नवें निर्माण करून नांव मिळवितात. परंतु दुसऱ्यांनीं निर्माण केलेलें नाशाच्या तोंडांतून ओढून काढून ज्यांनीं नांव मिळविलें, अशींही कांहीं थोडीं माणसें असतात. जुने ग्रंथ, नाणीं व ताम्रपट जमविणाऱ्यांचीं चरित्रें आपण वाचतों. पण जुने चित्रपट घरीं जमविण्याच्या छंदापायीं सारें आयुष्य वेंचणारा एक पुरुष फ्रान्स देशांत होऊन गेला, त्याचें नांव आपल्या मुलांच्या कानांवर क्वचितच पडतें. आज तळहातावर मावणाऱ्या पेटींत शेंकडों चित्रपट राहतात व ते घरीं बाळगण्यास कष्ट पडत नाहींत. ते आपल्यापर्यंत पोहोंचले कसे, हें मात्र आपण कधीं विचारीत नाहीं.

आंरी लांग्ल्वा याचा जन्म १३ नोव्हेंबर १९१४ रोजीं स्मर्ना या बंदराच्या शहरीं फ्रेंच मातापित्यांच्या पोटीं झाला. या शहरास आज इझमीर म्हणतात व तें तुर्कस्तानांत आहे. सप्टेंबर १९२२ मध्यें, ग्रीक व तुर्क यांच्या युद्धाच्या अखेरीस, स्मर्ना शहरास भयंकर आग लागली व त्याचा मोठा भाग भस्मसात् झाला. लांग्ल्वा कुटुंबास घरदार व चीजवस्तु सोडून फ्रान्सची वाट धरावी लागली. त्या वेळीं आंरी अवघा सात वर्षांचा होता. त्याला पुढें कोणतीही वस्तु टाकून देणें जन्मभर जिवावर येई. त्याचें मूळ या अग्निप्रलयांत असावें, असें त्याचें चरित्र वाचणाऱ्यास वाटल्यावांचून राहत नाहीं.

पॅरिसमध्यें आल्यावर त्याचें मन शाळेंत रमलें नाहीं. तें रमलें चित्रपटगृहांत. चार्ली चॅप्लिन व बस्टर कीटन यांचे मूकपट तो तहानभूक विसरून पाही. शालांत परीक्षेंत तो नापास झाला. (एवढ्या बाबतींत कोणीं त्याचें अनुकरण करूं नये, हें सांगणें शिक्षकास प्राप्तच आहे.) मग वडिलांनीं त्यास एका छापखान्यांत कामास लाविलें. त्याच छापखान्यांत १९३४ सालीं त्याची जॉर्ज फ्रांजू या समवयस्क तरुणाशीं गांठ पडली. दोघांचें वेड एकच होतें, आणि त्या वेडांतूनच पुढचें सर्व कार्य उभें राहिलें.

तें कार्य समजण्यास त्या काळची परिस्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. १९२७ नंतर बोलपट आले आणि दोनचार वर्षांतच मूकपटांस कोणी विचारीनासें झालें. कालपर्यंत ज्यांच्यासाठीं लोकांची झुंबड उडे, ते चित्रपट आतां मालकांस अडगळ वाटूं लागले. त्या काळची फिल्म नायट्रेट जातीच्या सेल्युलॉइडची असे. ती चटकन पेट घेई, पाण्यानें विझत नसे, आणि उष्ण व दमट जागीं ठेविल्यास आपोआप चिकट होऊन कुजे व अखेर तिची भुकटी होई. ती सांभाळणें खर्चाचें व धोक्याचें होतें. उलट ती वितळविली तर तिच्यांतील चांदी परत मिळे. यामुळें हजारों मूकपट भट्टींत गेले. चांदी वांचली, चित्रें गेलीं.

अशा वेळीं या दोन तरुणांनीं १९३५ सालीं एक चित्रपटमंडळ काढिलें व त्यांत ते जुने मूकपट दाखवूं लागले. पण चित्रपट दाखवावयाचा तर तो आधीं हातीं पाहिजे! तेव्हां लांग्ल्वा जुन्या बाजारांत व दिवाळें निघालेल्या कंपन्यांच्या गोदामांत हिंडून मिळेल तें रीळ विकत घेऊं लागले. पैसे थोडे आणि रिळें फार, अशी स्थिति होती. आईबापांच्या घरांत डबे ठेवण्यास जागा उरली नाहीं, तेव्हां न्हाणीघरांतील टबसुद्धां रिळांच्या डब्यांनीं भरून गेला, असें सांगतात. आज त्यांचें नांव निघालें कीं लोकांस प्रथम हा टब आठवतो. घरांतील माणसांनीं स्नानाची काय सोय केली असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. परंतु त्यांनीं तें सोसलें, हे त्यांचे उपकारच म्हटले पाहिजेत.

सप्टेंबर १९३६ मध्यें लांग्ल्वा व फ्रांजू यांनीं चित्रपट-व्यवसायाच्या एका साप्ताहिकाचे चालक पॉल ओगुस्त आर्ले यांच्या साहाय्यानें फ्रेंच सिनेमातेक, म्हणजे फ्रान्सचें चित्रपट-संग्रहालय, स्थापन केलें. आरंभीं संग्रहांत सुमारें दहाच चित्रपट होते. ते ठेवण्यासाठीं पॅरिसजवळ ओर्ली येथें एक जुनी इमारत मिळाली, आणि तिची किल्ली त्यांनीं एका वृद्ध शेजाऱ्याच्या हातीं दिली. हा वृद्ध दुसरा तिसरा कोणी नसून जॉर्ज मेलिएस होता! १९०२ सालीं चंद्रावरील प्रवासाचा चित्रपट काढून ज्यानें जगास थक्क केलें, ज्यानें पांचशेंहून अधिक चित्रपट निर्माण केले, त्याच मेलिएसनें दारिद्र्यामुळें १९२३ मध्यें आपल्या चित्रपटांच्या मूळ प्रती स्वतःच्या हातांनीं जाळून टाकिल्या होत्या. पुढें कित्येक वर्षें तो पॅरिसच्या एका रेल्वे स्थानकांत खेळणीं विकीत होता. आपलें स्वतःचें जाळून बसलेल्या या माणसाकडे दुसऱ्यांचें राखण्याची किल्ली आली. जानेवारी १९३८ मध्यें तो वारला, त्यापूर्वीं त्याच्या वाट्यास हा मान आला, याचें समाधान वाटतें.

त्यानंतर दुसरें महायुद्ध आलें. १९४० मध्यें जर्मन सैन्य पॅरिसमध्यें शिरलें. जर्मन अधिकाऱ्यांस न रुचणारे चित्रपट जवळ बाळगणें हा त्या दिवसांत अपराध होता. तरी लांग्ल्वा व त्यांचे मित्र यांनीं डबे तळघरांत, ओळखीच्यांच्या घरीं व दूरच्या खेड्यांत लपवून ठेविले. या कामीं लोटे आइस्नर या विदुषीनें त्यांस मोठें साहाय्य केलें. ती बर्लिनची ज्यू चित्रपट-समीक्षक. जिवाच्या भीतीनें तिला स्वदेश सोडावा लागला होता. फ्रान्समध्यें तिनें छावणींतील बंदिवासही भोगिला. पुढें खोटें नांव धारण करून ती दक्षिण फ्रान्समध्यें राहिली व तेथील एका जुन्या गढींत लपविलेल्या डब्यांची तिनें देखरेख केली. स्वतःचे प्राण धोक्यांत असतां रिळें तपासीत बसलेल्या या स्त्रीचें धैर्य रणांगणावरील धैर्याहून कमी म्हणतां येणार नाहीं.

युद्ध संपल्यावर १९४८ सालीं आव्हन्यू द मेसीन या रस्त्यावर सिनेमातेकचें लहानसें सभागृह सुरू झालें. खुर्च्या थोड्या, उशीरा येणारीं मुलें जमिनीवर बसत. लांग्ल्वा एका संध्याकाळीं तीन तीन चित्रपट दाखवीत व तेही अशा क्रमानें कीं, भिन्न देशांचे व भिन्न काळांचे चित्रपट शेजारीं आले म्हणजे प्रेक्षकास आपोआप कांहीं उमगावें. व्याख्यान नाहीं, चर्चा नाहीं; पाहा आणि शिका, एवढाच पाठ! त्या जमिनीवर बसणाऱ्या मुलांत फ्रान्स्वा त्र्यूफो, जां-ल्यूक गोदार व जाक रिव्हेत हे होते. १९५९ च्या सुमारास याच मुलांनीं फ्रेंच चित्रपटास नवें वळण लाविलें. ज्या शाळेंत परीक्षा नव्हती, त्या शाळेचे हे विद्यार्थी.

येथें एका वादाचा उल्लेख केला पाहिजे. लंडनच्या चित्रपट-संग्रहालयाचे प्रमुख अर्नेस्ट लिंडग्रेन यांचें मत असें होतें कीं, एकुलती एक प्रत यंत्रांत घालून झिजविणें हा पुढील पिढ्यांचा अपराध आहे. आधीं दुसरी प्रत काढावी, यादी करावी, मग दाखवावें. लांग्ल्वा यांस हें मान्य नव्हतें. त्यांच्या मतें न दाखविलेला चित्रपट मेल्यासारखाच. या वादांत तरुणांचीं मनें लांग्ल्वा यांनीं जिंकिलीं. पण लिंडग्रेन यांचें म्हणणें खोटें नव्हतें. लांग्ल्वा यांच्या संग्रहास नीट यादी नव्हती. कोणता डबा कोठें आहे हें पुष्कळदां त्यांच्या एकट्याच्या स्मरणांत असे. जुलै १९५९ मध्यें संग्रहालयाच्या आवारांत आग लागून अनेक चित्रपट नष्ट झाले. एरिक फॉन स्ट्रोहाइम यांच्या 'द हनीमून' या मूकपटाची जगांतील शेवटची ज्ञात प्रत याच आगींत गेली, असें मानितात. स्मर्नाच्या आगींतून निघालेल्या मुलाच्या पदरीं पुन्हां आगच यावी, हा दैवदुर्विलास खरा. पण सर्व दोष दैवाच्या माथीं मारतां येत नाहीं.

याच अव्यवस्थेचें कारण पुढें करून ९ फेब्रुवारी १९६८ रोजीं, सरकारच्या दबावानें, त्यांस प्रमुखपदावरून दूर करण्यात आलें. त्या वेळीं आंद्रे मालरो हे सांस्कृतिक मंत्री होते. तेव्हां जें घडलें तें अपूर्व होतें. त्र्यूफो, गोदार इत्यादि शिष्य रस्त्यावर उतरले व पोलिसांच्या लाठ्यांस सामोरे गेले. चॅप्लिन, कुरोसावा, हिचकॉक अशा जगभरच्या दिग्दर्शकांनीं लांग्ल्वा यांची बाजू घेतली, आणि लांग्ल्वा नसतील तर आमचे चित्रपट दाखवूं नयेत, असें अनेकांनीं कळविलें. अखेर २२ एप्रिल रोजीं त्यांस परत बोलाविण्यात आलें. सरकारी द्रव्यसाहाय्याला मात्र मोठी कात्री लागली.

उरलेलीं वर्षें त्यांनीं ओढगस्तींत काढिलीं. तरी १९७२ मध्यें शायो राजवाड्यांत त्यांनीं चित्रपटकलेचें पदार्थसंग्रहालय उघडलें. पोशाख, यंत्रें, रेखाटनें, देखाव्यांचे नमुने, जें जें इतरांनीं टाकून दिलें होतें तें तें तेथें मांडलेलें होतें. १९७४ सालीं अमेरिकेनें त्यांस सन्मानार्थ ऑस्कर पारितोषिक दिलें. दहा चित्रपटांचा संग्रह तोंवर सुमारें ६०,००० वर गेला होता. १३ जानेवारी १९७७ रोजीं, वयाच्या ६२ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. त्यांची संस्था आजही पॅरिसमध्यें नांदत आहे.

आपल्या प्रांताशीं या कथेचा संबंध काय, असें कोणी विचारील. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं मुंबईस दाखविला गेला. आज त्याचा कांहीं भागच उपलब्ध आहे. भारतांत निघालेल्या मूकपटांपैकीं फारच थोडे उरले आहेत. कारण आपल्याकडे त्या वेळीं न्हाणीघराचा टब रिळांनीं भरणारा कोणी निघाला नाहीं. पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट-संग्रहालय १९६४ सालीं स्थापन झालें, तोंवर पुष्कळ उशीर झाला होता.

लांग्ल्वा यांच्या चरित्राचा बोध मला तरी असा दिसतो. जगानें एखादी वस्तु मोलाची ठरविल्यावर ती जपणारे पुष्कळ. पण ती कचरा ठरली असतां जो जपतो, त्याचेच आपण खरे ऋणी. मात्र प्रेमानें जमविलेल्या संग्रहास वहींतील यादीची जोड नसेल, तर तें प्रेमही घातक ठरतें. हें लिहितांना मला माझ्याच घरची एक पेटी आठवते. तींत माझ्या आजोबांचीं पत्रें होतीं. मीं तीं जपलीं, असें मला वाटे. वास्तविक मीं ती पेटी नुसती बंद ठेविली होती. उघडली तेव्हां वाळवीनें अर्धीं पत्रें खाल्लीं होतीं. विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरींही अशी एखादी पेटी असेल : जुनीं छायाचित्रें, तबकड्या, एखादें रीळ, या वार्षिकाचे मागील अंक. या सुटींत ती उघडा, आंत काय आहे तें लिहून काढा, आणि घरांतील लहानथोरांस बोलावून दाखवा.