अंगणात आलेली शाळा : ताराबाई मोडक

शिक्षणक्षेत्रातील थोर स्त्रियांची नावे आपण आदराने घेतो, पण त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव काहीसे मागे राहते. त्यांनी ज्यांच्यासाठी आयुष्य वेचले ती माणसे फार लहान होती, हे कदाचित त्याचे कारण असेल. तीन-चार वर्षांची मुले सभा भरवीत नाहीत आणि मानपत्रेही लिहीत नाहीत.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. त्यामुळे घरात मुलींच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. १९१४ मध्ये ताराबाई पदवीधर झाल्या. विवाह झाला, पण संसार टिकला नाही. पदरी लहान मुलगी होती. पुढे त्या राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. मानाची नोकरी होती; परंतु भावनगरला गिजुभाई बधेका यांनी चालविलेल्या बालमंदिराने त्यांना ओढून घेतले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि मराठी 'शिक्षणपत्रिके'तून ताराबाई पालकांना मूल समजावून सांगू लागल्या. १९३६ साली त्या मुंबईत आल्या व दादरला शिशुविहार उभे राहिले.

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. पण शहरातील सुखवस्तू मुलांचे बालशिक्षण खेड्यातील गरिबाच्या मुलापर्यंत कसे न्यावे, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले.

बालवाडी निघाली, पण दलित वस्तीतील मुले येईनात. आईबाप मजुरीला जात, थोरले मूल धाकट्याला कडेवर घेऊन बसे. अशा वेळी मुलेच येत नाहीत असे लिहून केंद्राला कुलूप लावणे सोपे असते. ताराबाईंनी उलटा विचार केला. त्यांनी बालवाडीच वस्तीत नेली आणि मुलांच्या अंगणात मांडली. मुलांना न्हाऊ घालायचे, केस विंचरायचे, मग गाणी आणि खेळ. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, काटक्या, पाने वापरायची. अंगणवाडीची कल्पना येथेच रुजली.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींमध्ये गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाल्या. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणली. धाकट्याला पाळणाघरात ठेवले की थोरलीला वर्गात बसता येते, इतका साधा हिशेब त्यामागे होता.

तो हिशेब मला चटकन कळला, कारण आमच्या घरी तो चुकता झालेला आहे. मला सांभाळण्यासाठी माझ्या थोरल्या बहिणीने चौथीतून शाळा सोडली. मी आमच्या घरातली पहिली कॉलेजात आलेली. तिला मात्र आजही सही करताना वेळ लागतो. २०२४ साली आमच्या वस्तीतील अंगणवाडी पटावर मुले कमी म्हणून ओढ्यापलीकडच्या अंगणवाडीत मिळवण्याची बोलणी सुरू झाली. पावसात ओढ्याला पाणी असते. तीन वर्षांचे पोर पलीकडे जाणार कसे? त्याच सुमारास मी ताराबाईंचे चरित्र वाचत होते. ग्रामसभेत मी एवढेच विचारले, की अंगणवाडी गेली तर वस्तीतल्या किती मुली शाळेतून घरी बसतील? मग बायकाच उठल्या आणि एकेकीचे नाव सांगू लागल्या. सेविकाबाईंनी सकाळी बाया कामाला निघण्याआधी घरोघर जाऊन मुले आणायला सुरुवात केली. पट वाढला आणि अंगणवाडी राहिली. यात माझी बुद्धी थोडी. वाट बोर्डीहूनच आलेली होती.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे काम अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत पुढे नेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. ते पाहायला ताराबाई नव्हत्या.

आपल्यापैकी पुष्कळजण उद्या शिक्षक होतील, काहीजण ग्रामपंचायतीत बसतील. रिकाम्या वर्गाचा पट समोर येईल तेव्हा सहीपूर्वी एकदा वस्तीत जाऊन यावे. मुले का येत नाहीत, हे तिथल्या अंगणातच कळते.