सिलिकोनला नाव देणाऱ्या किपिंगनाच वाटत होतं, यातून लवकर काही निघणार नाही

खिडकीच्या काचेभोवती भरलेली रबरासारखी पट्टी, केक भाजायचा मऊ साचा, दातात भरलेलं पांढरं सिमेंट, कारचे टायर. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. कुठे ना कुठे सिलिकॉनचा अणू कार्बनला धरून बसलेला असतो. निसर्गात अशी जोडी सहसा आढळत नाही, ती माणसाने जुळवली. ती जुळवण्यात उभी हयात घालवलेल्या माणसाचं नाव फ्रेडरिक स्टॅनली किपिंग.

आधी एक खुलासा. मराठीत आपण मूलद्रव्यालाही सिलिकॉन म्हणतो आणि त्या रबरालाही. इथे मूलद्रव्याला सिलिकॉन आणि रबर, तेल, ग्रीस या मंडळींना सिलिकोन म्हणू.

किपिंग यांचा जन्म १८६३ सालचा, मँचेस्टरचा. योगायोग असा की त्याच वर्षी फ्रीडेल आणि क्राफ्ट्स यांनी सिलिकॉन आणि कार्बन जोडलेलं पहिलं संयुग तयार केलं. शिक्षण संपल्यावर किपिंग मँचेस्टरच्या गॅस कारखान्यात केमिस्ट म्हणून लागले, पण तिथे फार रमले नाहीत. १८८६ मध्ये ते जर्मनीत म्युनिकला, बायर यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. तिथे त्यांना विल्यम पर्किन (धाकटे) भेटले. ही भेट आयुष्यभर पुरली. दोघांनी मिळून सेंद्रिय रसायनशास्त्राचं पाठ्यपुस्तक लिहिलं, ते पुढे अनेक वर्षं विद्यार्थ्यांच्या हातात राहिलं. दोघे साडूही झाले, कारण हॉलंड घराण्यातल्या बहिणींशी त्यांची लग्नं झाली. तिसरी बहीण आर्थर लॅपवर्थ या आणखी एका केमिस्टच्या घरी गेली. त्या घरात जेवताना काय बोलणं होत असेल, याचा अंदाज करायला हरकत नाही.

एडिंबरा आणि लंडनमध्ये नोकऱ्या करून १८९७ साली किपिंग नॉटिंगहॅमला प्राध्यापक झाले आणि १९३६ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

त्यांना सिलिकोन बनवायचं नव्हतंच. त्यांचा प्रश्न वेगळा होता. कार्बनला चार वेगवेगळे गट जोडले की त्या रेणूची डावी आणि उजवी अशी दोन रूपं होतात, आपल्या दोन हातांसारखी. सिलिकॉनचंही तसंच होतं का? हे तपासायचं तर सिलिकॉनला एकेक कार्बनी गट जोडायला हवा. जुनी पद्धत जस्ताची. ती संयुगं हवेत आपोआप पेट घेत. १९०० मध्ये ग्रीन्यार यांची मॅग्नेशियमची पद्धत आली आणि किपिंग यांनी ती सिलिकॉनसाठी वापरली. काम सोपं झालं. डाव्या-उजव्या रूपांच्या शोधातही त्यांना पुढे यश आलं.

पण एक डोकेदुखी कायम होती. सिलिकॉनला काही कार्बनी गट जोडले, काही क्लोरीन तसेच राहिले, की पाणी लागताच क्लोरीन निघून जायचा. त्या जागी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी यायची आणि शेजारशेजारचे रेणू पाणी टाकून एकमेकांना चिकटायचे. सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन अशी लांबच लांब साखळी. हवे होते स्वच्छ स्फटिक, हाती यायचा चिकट गोळा.

किटोन नावाच्या कार्बनी संयुगांवरून त्यांनी या पदार्थांना सिलिकोन म्हटलं. नाव चुकीचंच ठरलं, कारण किटोनमधला दुहेरी बंध इथे नव्हता. पण ते टिकलं.

सिलिकॉनवर पन्नासेक शोधनिबंध लिहून झाल्यावर, १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या रॉयल सोसायटीतल्या व्याख्यानात किपिंग यांनी हिशेब मांडला. या शाखेत नजीकच्या काळात मोठी प्रगती होण्याची फारशी आशा त्यांना दिसत नव्हती. माझ्या मते यात त्यांना हसण्यासारखं काही नाही. ते केमिस्ट म्हणून रेणूंकडे बघत होते, आणि त्या नजरेने तो चिकटा म्हणजे फसलेला प्रयोगच होता.

अमेरिकेत कॉर्निंग ग्लासच्या फ्रँकलिन हाइड यांना मात्र तोच चिकटा हवा होता. काच आणि प्लॅस्टिक यांच्या मधलं काहीतरी ते शोधत होते. १९४० मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या यूजीन रोचो यांनी मॅग्नेशियमशिवाय स्वस्तात कच्चा माल बनवायची वाट काढली. १९४३ मध्ये डाऊ कॉर्निंग कंपनी उभी राहिली आणि सिलिकोनचं ग्रीस लढाऊ विमानांच्या इंजिनात गेलं.

याच काळात काचतंतूंच्या प्लॅस्टिकची एक अडचण समोर आली. दमट हवेत काच आणि रेझिन एकमेकांना सोडत. उपाय निघाला तो किपिंग यांना छळणाऱ्या गुणातूनच. सिलिकॉनच्या एका बाजूला पाण्याने सुटणारे गट ठेवायचे. ते सुटले की ती बाजू काचेला ऑक्सिजनमार्फत घट्ट धरते. दुसऱ्या बाजूचा कार्बनी गट पाण्याने हलत नाही, तो रेझिनशी जुळतो. या दोन हातांच्या रेणूंना सिलेन कपलिंग एजंट म्हणतात. टायरमधल्या सिलिकाला रबराशी आणि दातातल्या सिमेंटमधल्या काचेच्या कणांना रेझिनशी तेच बांधून ठेवतात.

किपिंग १ मे १९४९ रोजी वेल्समधल्या क्रिकीएथ इथे वारले. वय ८५. सिलिकोनचे कारखाने सुरू झालेले त्यांच्या हयातीतच होते.