चित्रकार आबालाल रहिमान

कोल्हापूर शहरात कोटितीर्थ नावाचा एक जुना तलाव आहे. काठावर महादेवाचे देऊळ, भोवती झाडी आणि समोर संथ पाणी, एवढेच काय ते त्याचे वैभव. वाटसरू त्याकडे घटकाभर पाहून पुढे जात. पण आबालाल रहिमान या चित्रकाराला तो आयुष्यभर पुरला.

आबालाल कोल्हापूरचेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांचा जन्म झाला. कुराणाच्या पोथ्या सुंदर अक्षरांत लिहून वेलबुट्टीने सजविण्याची परंपरा त्यांच्या घराण्यात होती. पुढे ते मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत शिकले. तेथील शिस्त कडक असे. पुतळ्यासमोर बसून छायाप्रकाशाची एकेक छटा कागदावर उतरवावी लागे. आबालाल या विद्येत इतके निपुण झाले, की १८८८ साली त्यांना व्हाइसरॉयचे पदक मिळाले. असे पदक मिळविणाऱ्यास मुंबईत कामाची वाण पडली नसती. तरीही ते आपल्या गावी परतले.

राजर्षी शाहू महाराज गुणांचे मोठे पारखी. त्यांनी आबालालना दरबारी चित्रकार नेमले. पण राजाश्रय मिळूनही त्यांची राहणी फकिराचीच राहिली. कोटितीर्थाच्या काठी ते एकटे राहत आणि चित्रे काढीत. पहाटेचे धुके, झाडांतून झिरपणारे ऊन, सांजवेळी काळवंडणारे पाणी. तलाव तोच, पण दर प्रहरी निराळा! कलाशाळेतील घोटीव रेखाटन त्यांनी येथे बाजूला ठेवले आणि रंगांचे लहान लहान ठिपके शेजारी शेजारी मांडून प्रकाशाचा भास निर्माण केला. त्याच काळात दूर फ्रान्समध्ये क्लोद मोने हा चित्रकार आपल्या बागेतील तळे पुनःपुन्हा रंगवीत होता. दोघांची कधीही गाठ पडली नाही.

१९२२ साली शाहू महाराज निवर्तले. आबालालचा आधारच नव्हे, तर जाणता रसिक गेला. त्या शोकात त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असे सांगतात. ज्या पाण्याने चित्रे दिली, त्यानेच ती गिळली! किती चित्रे बुडाली, याविषयी सांगणाऱ्यांत मेळ नाही.

२८ डिसेंबर १९३१ रोजी आबालाल मरण पावले. कोल्हापूरच्या तरुण चित्रकारांनी त्यांना गुरुस्थानी मानले. चित्रपट निर्माण करणारे बाबूराव पेंटर त्यांपैकीच एक. पाण्यातून वाचलेली काही चित्रे कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात आहेत.