तांबड्या भस्मातला प्राणवायू : रेव्ह. जोसेफ प्रीस्टली

सुरत म्हटले की आपल्याला कापड आणि जर आठवते. परंतु १६१३ साली इंग्रज कंपनीने तापीकाठी वखार घातली, तेव्हापासून तिच्या जहाजांतून बनात, शिसे आणि पोवळे यांच्याबरोबर पारा व हिंगूळही सुरतेच्या धक्क्यावर उतरू लागले. वैद्यांना तो रसौषधांसाठी लागे, कारागिरांना मुलाम्यासाठी. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचा संयोग. पण पारा नुसताच हवेत बराच काळ तापवीत ठेवला, तर त्यावर निराळीच तांबडी पूड धरते. तिला पाऱ्याचे भस्म किंवा मर्क्युरिक ऑक्साइड म्हणतात. या पुडीतून प्राणवायू बाहेर काढून जगाला दाखविणारा मनुष्य एका लहान मंडळीचा पाळक होता, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या रेव्ह. जोसेफ प्रीस्टली यांची ही ओळख.

प्रीस्टली यांचा जन्म १७३३ साली इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात झाला. वडील लोकरी कापडाची शेवटची सफाई करून देण्याचा धंदा करीत. आई लवकर वारली व आत्याने जोसेफला वाढविले. तिचे घर सरकारी चर्चपासून स्वतंत्र राहिलेल्या मंडळीतले होते. अशा मंडळ्यांच्या मुलांना त्या काळी ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे पदवी मिळत नसे. म्हणून जोसेफने डॅव्हेंट्री येथील स्वतंत्र मंडळ्यांच्या विद्यालयात शिक्षण घेतले. पुढे ते पाळक झाले. जिभेत अडखळ असूनही त्यांनी उपदेशाचे काम सोडले नाही.

पगार तुटपुंजा असल्याने ते मुलांना शिकवीत आणि त्याच कमाईतून प्रयोगाची उपकरणे विकत घेत. १७६७ साली ते लीड्स येथील मंडळीचे पाळक झाले. घराशेजारी बिअर गाळण्याचा कारखाना होता. तेथील हौदांवर साचणारा वायू पाण्यात मिसळून त्यांनी सोडावॉटर बनविण्याची रीत शोधली. १७७१ साली त्यांनी बंद भांड्यात मेणबत्ती विझेपर्यंत जळू दिली आणि मग त्या बिघडलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळू लागली. झाडे हवा सुधारतात, हे ज्ञान आपल्याला असे मिळाले.

पुढे ते लॉर्ड शेलबर्न यांच्याकडे ग्रंथपाल म्हणून राहिले. तेथे १ ऑगस्ट १७७४ रोजी त्यांनी बारा इंच रुंदीच्या भिंगाने सूर्याची उष्णता पाऱ्याच्या भस्मावर एकवटली. पूड तापली, पारा सुटा झाला आणि एक वायू निघाला. त्यात मेणबत्ती विलक्षण तेजाने जळली. पुढील मार्चमध्ये त्यांनी या वायूत उंदीर ठेवला. तेवढ्याच साध्या हवेत तो पाव तास जगला असता, पण येथे अर्धा तास राहिला आणि बाहेर काढल्यावर उबेने पुन्हा शुद्धीवर आला. नंतर प्रीस्टलींनी तो वायू स्वतः हुंगून पाहिला, तेव्हा छाती हलकी झाल्यासारखी त्यांना वाटली.

यातले रसायन सोपे आहे. सुमारे ३५० अंश सेल्सियसच्या आसपास पारा हवेतला प्राणवायू धरून ठेवतो आणि ५०० अंशांच्या पुढे तोच सोडून देतो. शंभर ग्रॅम भस्मात सुमारे साडेब्याण्णव ग्रॅम पारा आणि साडेसात ग्रॅम प्राणवायू असतो. विषाच्या एवढ्या ढिगात जीवनाचा श्वास एवढासा!

स्वीडनमध्ये शेले यांनी हा वायू याआधीच मिळविला होता, परंतु त्यांचे पुस्तक १७७७ साली निघाले. १७७४ च्या ऑक्टोबरात प्रीस्टलींनी पॅरिसला लाव्हाझिए यांना आपला प्रयोग सांगितला. त्याचा खरा अर्थ लाव्हाझिए यांनी लावला आणि वायूला ऑक्सिजन हे नाव दिले. प्रीस्टली मात्र जळणाऱ्या वस्तूंतून फ्लॉजिस्टन नावाचा पदार्थ बाहेर पडतो, हे जुनेच मत मरेपर्यंत धरून बसले. ज्याच्या हाताने शोध लागला, त्यालाच तो उमगला नाही.

धर्मविषयातही त्यांचे मत आपल्याहून वेगळे होते. त्रैक्याचा सिद्धांत त्यांनी नाकारला. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही, हे स्पष्ट सांगतो. परंतु त्यांच्याशी जे वागणे झाले, त्याचीही आम्हांला लाज वाटते. १७८० पासून ते बर्मिंगहॅम येथे पाळक होते. फ्रेंच राज्यक्रांतीला त्यांची सहानुभूती होती. १४ जुलै १७९१ रोजी त्या क्रांतीच्या स्मरणार्थ शहरात एक मेजवानी झाली. प्रीस्टली तिला गेलेही नव्हते. तरी धर्म आणि राजा यांचा जयजयकार करीत जमाव निघाला. त्याने त्यांचे उपासनामंदिर जाळले, मग घर, ग्रंथसंग्रह आणि प्रयोगशाळाही नष्ट केली. कुटुंब कसेबसे निसटले. १७९४ साली ते अमेरिकेस गेले. तेथे एक मुलगा आणि मग पत्नी त्यांना सोडून गेली. ६ फेब्रुवारी १८०४ रोजी पेनसिल्व्हेनियातील नॉर्थम्बरलँड येथे त्यांचा अंत झाला.

त्या भस्माचे पुढे काय झाले? पिवळ्या रूपात ते डोळ्यांच्या मलमात घालीत. जहाजांच्या तळाला शिंपले चिकटू नयेत म्हणून रंगात घालीत. घड्याळे आणि कर्णयंत्रे यांच्या छोट्या बॅटऱ्यांतही ते असे. परंतु ही पूड पोटात गेली, तर मूत्रपिंडे निकामी होतात. ती तापविल्यावर निघणारी पाऱ्याची वाफ दिसत नाही की वास देत नाही, आणि श्वासावाटे मेंदूपर्यंत पोचते. गर्भातील बाळालाही पाऱ्यापासून धोका असतो. शाळेत परीक्षानळीत भस्म तापवून दाखविण्याचा प्रयोग एकेकाळी सर्रास होई. तो कोणीही करू नये. पाऱ्याला आळा घालणारा मिनामाता करार २०१७ साली अमलात आला आणि भारताने त्याला २०१८ साली मान्यता दिली.

आज सुरतेच्या उधना, लिंबायत भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. तेथे काय किंवा आपल्या गावी काय, जुना काचेचा थर्मामीटर घरात असतोच. तो फुटला तर मुलांना दूर करावे आणि खिडक्या उघडाव्यात. अंगठी, बांगड्या काढून ठेवाव्यात, कारण पारा सोन्याला लगेच चिकटतो. गोळ्या जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या बरणीत घालाव्यात. केरसुणी फिरवू नये. तिने गोळ्या फुटून सगळीकडे पसरतात.

प्रिय वाचकहो, त्या पुडीतून प्राणवायू वेगळा काढण्यास सूर्याचा प्रखर ताप लागला. मनुष्यातही सत्य आणि चूक अशीच एकजीव झालेली असते. त्यांची निवड करणे हे परमेश्वराचे काम आहे. जमावाने लावलेल्या आगीत ती निवड होत नाही, तेथे केवळ राख उरते. आपल्या मंडळीत कोणाचे मत वेगळे पडले, तर त्याला उत्तर जरूर द्यावे, पण त्याचे घर सुरक्षित राहील हेही आपणच पाहावे. ही सुबुद्धी प्रभू आपणां सर्वांस देवो.